चंद्र अर्धा अंश खाली का सापडला

सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, आमची १.८ मीटर व्यासाची डिश उभी आहे. मी येथे भौतिकशास्त्र शिकवते. चंद्राकडून येणारे सूक्ष्मतरंग महिनाभर रोज मोजावेत आणि तिथीनुसार त्यांत काही फरक पडतो का, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आकड्यांवरून पाहावे, एवढ्याच हेतूने आम्ही ती उभारली. १९४९ साली पिडिंग्टन आणि मिनेट यांनी ऑस्ट्रेलियातून १.२५ सेंटिमीटर तरंगलांबीवर असे मोजमाप केले होते. त्यांना चंद्र सर्वांत तेजस्वी दिसला तो पौर्णिमेनंतर सुमारे साडेतीन दिवसांनी, कारण हे तरंग चंद्राच्या वरच्या थरातून न येता थोड्या खोलीवरच्या मातीतून येतात आणि उन्हाची ऊब तेथवर झिरपायला वेळ लागतो. आमची तरंगलांबी पावणेतीन सेंटिमीटर, म्हणजे त्याहून मोठी. त्यामुळे आम्हाला दिसू शकणारा फरक काही टक्क्यांपलीकडे जाणार नाही हे आधीच माहीत होते, आणि म्हणूनच डिश नेमकी कोठे रोखली आहे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर होता.

त्या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांत सांगते. १०.८ गिगाहर्ट्झ वारंवारतेला आमच्या डिशचा बीम (डिश एका वेळी आकाशाचा जेवढा भाग पाहते तो) साधारण १.१ अंश रुंद आहे, आणि चंद्राचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे. बीमचा मध्य चंद्रापासून बीमच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याइतका सरकला, तर येणारी शक्ती पावणेतीन टक्क्यांनी घटते. पाव रुंदीइतका सरकला तर जवळजवळ सोळा टक्क्यांनी. एक टक्क्याच्या आत राहायचे असेल तर चूक ४ कलांहून अधिक होता कामा नये (१ अंश म्हणजे ६० कला). ही चूक रोज सारखीच असती तर फारसे बिघडले नसते, कारण सगळेच आकडे एकाच प्रमाणात कमी आले असते. परंतु ती दिशेनुसार आणि उंचीनुसार बदलते, आणि चंद्र तर रोज वेगळ्या वेळी वेगळ्या ठिकाणी असतो. त्यामुळे रोखण्यातली चूक हुबेहूब चंद्राच्या तापमानातल्या चढउतारासारखी दिसू लागते. डोळ्यांनी पाहण्याच्या दुर्बिणीत तारा मध्यभागी आला की नाही ते लगेच कळते. येथे नजरेला काहीही दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर एक आकडा वरखाली होत राहतो, आणि त्या आकड्यावरूनच डिश कोठे पाहते आहे हे ठरवायचे असते.

आमची डिश ऑफसेट प्रकारची आहे, म्हणजे घरोघरी दूरचित्रवाणीसाठी असते तशीच, फक्त मोठी. अशा डिशचा बीम तिच्या चेहऱ्याच्या काटकोनात जात नाही; तो पंचवीसेक अंश वरच्या बाजूला जातो. म्हणून डिशवर कोनमापक ठेवून उंची वाचता येत नाही. शून्य कोठे धरायचे हे आकाशातूनच काढावे लागते. खांब लोखंडी पाइपचा, १० सेंटिमीटर जाड आणि २ मीटर उंच. दिगंशासाठी (क्षितिजावरची दिशा) एक आणि उन्नतांशासाठी (क्षितिजापासूनची उंची) एक अशा दोन गियरच्या मोटारी, आणि प्रत्येक अक्षावर १४ बिटांचा एन्कोडर, म्हणजे अक्ष किती फिरला ते आकड्यांत सांगणारे उपकरण, जो १.३ कलांपर्यंतचा फरक दाखवू शकतो. ग्रहणासाठी बाजारात मिळणारा साधा एलएनबी (डिशसमोर हातावर बसणारे ग्रहणयंत्र) आणि त्यापुढे एसडीआर डोंगल, जो आलेला संदेश संगणकाला आकड्यांत देतो. डिशला आम्ही खरखरीत पांढरा रंग दिला. ती चकचकीत ठेवून सूर्याकडे वळवली असती तर एलएनबीची प्लास्टिकची टोपी काही मिनिटांत वितळली असती.

पहिले काम उत्तर दिशा काढण्याचे. होकायंत्र गच्चीवर निरुपयोगी ठरले, कारण स्लॅबमधल्या सळ्यांमुळे त्याची सुई दोन पावलांवर दिशा बदलत होती. तेव्हा आम्ही ओळंब्याकडे वळलो. सोलापूरचे रेखांश ७५.९१ अंश पूर्व आहेत, तर आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, म्हणजे येथील स्थानिक मध्यम वेळ घड्याळाच्या सव्वीस मिनिटे मागे चालते. फेब्रुवारीच्या मध्यावर काल-समीकरणाची (सूर्याची वेळ आणि मध्यम वेळ यांतल्या, वर्षभर बदलणाऱ्या फरकाची) आणखी चौदा मिनिटे मिळवली की सूर्य मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो तो दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली जेथे पडली तेथे गच्चीवर खडूने रेघ मारली. सलग तीन दिवस मारलेल्या तिन्ही रेघा एकमेकींवर आल्या, तेव्हा खांबाच्या पायाशी पक्क्या रंगाने उत्तर-दक्षिण आखून घेतली. एवढ्याने दिगंश अर्ध्या-पाऊण अंशाच्या आत आला. सूर्याकडे वळवल्यावर एलएनबीची सावली डिशच्या खालच्या कडेशी येते की नाही, हे पाहून उन्नतांशही तितकाच जवळ आणला. येथून पुढचे काम सावलीचे नव्हते.

पुढच्या कामाची रीत तशी सरळ आहे. सूर्य कोठे आहे याचे गणित करायचे, डिश तिकडे वळवायची आणि मग दिगंशात दोन अंश अलीकडून दोन अंश पलीकडे सावकाश न्यायची, तसेच उन्नतांशात. प्रत्येक फेरीत आकडा वाढत जातो, शिखर गाठतो आणि उतरतो. शिखर ज्या एन्कोडरच्या आकड्यावर आले, तो आकडा आणि गणिताचा आकडा यांतला फरक म्हणजे त्या दिशेची चूक. शिखरावर आलेख जवळजवळ सपाट असल्याने तेथे बोट ठेवता येत नाही. दोन्ही उतारांवर निम्मी शक्ती कोठे येते ते शोधून त्यांचा मध्य घेतला की स्थान बीमच्या रुंदीच्या विसाव्या भागापर्यंत सहज कळते. सूर्य या तरंगांत इतका प्रखर आहे की त्याच्यापुढे ग्रहणयंत्राचा स्वतःचा गोंगाट नगण्य ठरतो. आमची शक्ती दहापटीच्या आसपास वाढत होती. दक्षिण ध्रुवावरच्या दहा मीटरच्या दुर्बिणीचा बीम १५० गिगाहर्ट्झला सुमारे एका कलेचा आहे आणि तेथील अचूकता विकलांत (१ कला म्हणजे ६० विकला) मोजतात, पण ज्ञात स्थानाच्या स्रोतावरून बीम फिरवून चूक काढायची ही रीत तेथेही मुळात हीच.

या फेऱ्यांत दोन गोष्टी लवकर शिकाव्या लागल्या. पहिली, गियरमधली ढील. डिश पूर्वेकडून आणली की एक आकडा येई आणि पश्चिमेकडून आणली की दुसरा, आणि दोहोंत सहा-सात कलांचे अंतर. माझा एक विद्यार्थी पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरातला आहे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "मॅडम, गियर नेहमी एकाच बाजूने दाबत आणायचा. मागावर आम्ही तसंच करतो." तेव्हापासून प्रत्येक नोंद पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि खालून वर येऊनच घेतली जाते. दुसरी गोष्ट दिगंशाच्या चुकीची. ६० अंश उंचीवर डिश दिगंशात एक अंश फिरवली, तर आकाशात बीम अर्धाच अंश सरकतो, कारण मध्ये उन्नतांशाची कोज्या (कोसाइन) येते. खस्वस्तिकाजवळ, म्हणजे बरोबर डोक्यावर, तर डिश कितीही फिरवा, बीम जागच्या जागी राहतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी सोलापुरात सूर्य थेट डोक्यावरून जातो, तेव्हा दिगंशाला काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे धावावे लागते आणि आमच्या मोटारी ते करू शकत नाहीत. म्हणून ८० अंशांहून अधिक उंचीच्या नोंदी आम्ही घेतच नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्याच्या पंधरा-वीस फेऱ्या हाती आल्या आणि एक ठळक नमुना दिसला. सकाळी सूर्य गणितापेक्षा थोडा वर सापडे, दुपारनंतर थोडा खाली, आणि मध्यान्हीला उंची बरोबर. खांब पूर्व-पश्चिम कलला असेल तर असेच व्हायला हवे, म्हणून आम्ही खांबाच्या पायातल्या पट्टीखाली पातळ वॉशर सरकवण्याची तयारी केली. नट सैल करण्यापूर्वी गवंड्याकडची लेव्हल आणून खांबाच्या माथ्यावर ठेवली, तर खांब उभ्याउभ सरळ होता. दोष घड्याळात होता. गच्चीवर इंटरनेट पोहोचत नसल्याने लॅपटॉपची वेळ अनेक दिवस जुळवली गेली नव्हती आणि ती ४० सेकंद मागे पडली होती. आकाश चार सेकंदांना एक कला सरकते, म्हणजे ४० सेकंदांत १० कला. घड्याळ मागे असले की गणितातला सूर्य खऱ्या सूर्याच्या मागे राहतो. सकाळी तो वर चढत असतो म्हणून खरा सूर्य वर सापडतो, दुपारनंतर उतरत असतो म्हणून खाली. घड्याळ दुरुस्त केल्यावर नमुना नाहीसा झाला. त्या दिवसापासून प्रत्येक सत्राच्या आधी उपग्रहांवरून येणाऱ्या वेळेशी मोबाइलद्वारे घड्याळ जुळवले जाते आणि ती नोंद वहीत लिहिली जाते.

लेव्हल तशीच माथ्यावर राहिली होती, त्यामुळे आणखी एक गोष्ट नजरेस आली. सकाळी नऊच्या सुमारास बुडबुडा जरासा पूर्वेकडे सरकलेला असे, दुपारी मध्यावर येई. ऊन खांबाच्या एकाच बाजूला पडले की ती बाजू लांबते आणि खांब सूर्यापासून दूर वाकतो. लोखंड दर अंश सेल्सिअसला लक्षांशाच्या सव्वापटीने प्रसरण पावते. दोन बाजूंत पाच अंशांचा फरक धरला तर २ मीटर उंच आणि १० सेंटिमीटर जाड खांबाचा माथा ४ कलांनी कलतो. आमची सगळी मुभा चारच कलांची होती. खांबाला चुना लावला आणि त्याभोवती, मध्ये दोन बोटे हवा राहील अशी, एक जुनी सोलापुरी चादर गुंडाळून सुतळीने बांधली. त्यानंतर बुडबुडा दिवसभर हलला नाही.

आता राहिलेल्या चुका खरोखर यंत्राच्या होत्या आणि त्यांना ठरावीक रूप असते. दिगंश आणि उन्नतांश यांच्या शून्यस्थानांतली चूक प्रत्येकी एक. बीम उन्नतांशाच्या अक्षाला नेमका काटकोनात नसण्याची एक. दोन अक्ष एकमेकांना काटकोनात नसण्याची एक. खांबाच्या कलण्याच्या दोन, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. आणि गुरुत्वाने लवचिक भाग झुकण्याची एक, जी उन्नतांशाच्या कोज्येप्रमाणे बदलते, म्हणजे क्षितिजाजवळ सर्वाधिक आणि डोक्यावर शून्य. असे सात सहगुणक, म्हणजे नोंदींवरून काढायचे सात आकडे. प्रत्येकाचा आकाशभर पसरलेला नमुना वेगळा असतो आणि न्यूनतम वर्गांच्या पद्धतीने (उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) ते एकत्र काढता येतात, मात्र त्यासाठी नोंदी आकाशाच्या मोठ्या भागावर पसरलेल्या हव्यात. वातावरणातले वक्रीभवन त्याआधीच वजा करावे लागते. ४५ अंशांवर ते एका कलेच्या आसपास असते, १० अंशांवर पाचच्या. आम्ही २५ अंशांखाली जातच नसल्याने त्याचा त्रास झाला नाही.

सूर्याच्या नोंदींवरून सात सहगुणक निघाले आणि शेष चुका, म्हणजे त्यांनी भरून न निघालेल्या, सरासरी साडेतीन कलांवर आल्या. तरीही मला समाधान वाटेना, कारण फेब्रुवारीत सूर्य सोलापुरात ६० अंशांच्या फारसा वर चढत नाही. बीमची तिरपाई आणि अक्षांची तिरपाई यांचे नमुने एकमेकांपासून वेगळे दिसतात ते उंच आकाशात. तेथे नोंद नसेल तर एकाची चूक दुसऱ्याच्या खाती जाते. चंद्र मात्र महिन्याभरात क्रांतीच्या (आकाशातल्या विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतराच्या) मोठ्या पट्ट्यातून फिरतो आणि डोक्याजवळूनही जातो. शिवाय अखेर मोजायचा तोच होता. म्हणून आम्ही रात्री चंद्राच्या फेऱ्या सुरू केल्या. चंद्राने शक्ती वाढते ती साधारण पाचव्या हिश्श्याने, त्यामुळे प्रत्येक फेरी चार-पाच वेळा करावी लागे, पण शिखर स्वच्छ दिसत होते.

चंद्राच्या अठरा नोंदी सूर्याच्या नोंदींत मिसळल्या आणि शेष चुका साडेतीन कलांवरून वीस कलांच्या वर गेल्या. प्रत्येक वेळी चंद्र गणितापेक्षा खाली सापडत होता. ६० अंश उंचीवर सुमारे अर्धा अंश खाली, ३० अंशांवर पाऊण अंशाहूनही अधिक, ७५ अंशांवर पाव अंश. दिगंशात मात्र काहीच फरक नव्हता.

फरक कोज्येप्रमाणे बदलत होता, म्हणजे गुरुत्वाने झुकण्याचे जे रूप तेच. दिशाही जुळत होती. आमच्या डिशचा एलएनबी खालून आलेल्या लांब हातावर आहे; हात झुकला की एलएनबी खाली जातो आणि बीम वर उचलला जातो, म्हणून स्रोत गाठायला डिश खाली न्यावी लागते. मग सूर्याला हे का दिसले नाही? त्याचेही उत्तर आम्ही स्वतःला देऊन टाकले: दिवसा हात तापलेला असतो आणि रात्री गार, जोडाच्या पट्ट्या रात्री सैल पडत असतील. आज हे लिहिताना त्या उत्तरातली घाई मला स्पष्ट दिसते, परंतु त्या रात्री आम्हा तिघांनाही ते पटले होते. दुसऱ्या दिवशी वेल्डरला बोलावून हाताला डिशच्या कडेपासून एक तिरपा आधार जोडून घेतला. डिश बसवताना मदत केलेले, गावभर फ्री डिश बसवणारे काकाही त्या वेळी आले होते. त्यांनी हात दाबून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, ह्यो हात काय एवढा वाकत नाय. ह्यात कायतरी दुसरं हाय."

त्यांचे म्हणणे मोजून पाहण्यासारखे होते आणि ते आम्ही आधी मोजायला हवे होते. डिशच्या मध्यापासून एलएनबीपर्यंतचे अंतर १.२ मीटर आहे. बीम जवळजवळ एक अंश उचलला जायचा तर एलएनबी २ सेंटिमीटर खाली यायला हवा. आम्ही आधार तात्पुरता सैल केला, डिशच्या दोन कडांमध्ये दोरा ताणला आणि डिश ३० अंशांवरून ७५ अंशांवर नेताना एलएनबी दोऱ्यापासून किती सरकतो ते पट्टीवर पाहिले. सरकणे २ मिलिमीटरच्या आत होते, म्हणजे पाच-सहा कलांचे. आधार पुन्हा घट्ट करून त्या रात्री चंद्राकडे पाहिले, तर चंद्र होता तेवढाच खाली.

यानंतरची कल्पना माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याची, जो अक्कलकोटहून रोज ये-जा करतो आणि ज्याने सगळे गणित संगणकावर उतरवले आहे. त्याने सूर्याच्या नोंदींतून अशा नोंदी निवडल्या ज्यांचे दिगंश आणि उन्नतांश चंद्राच्या एखाद्या नोंदीशी अंशभराच्या आत जुळत होते. अशा चार जोड्या सापडल्या. डिश त्याच दिशेला, त्याच उंचीला, खांब तोच, गियर त्याच बाजूने दाबलेला. यंत्राची चूक जी काही असेल ती दोन्ही नोंदींत सारखीच असणार. तरीही सूर्य गणिताला धरून आणि चंद्र अर्धा अंश खाली. हात झुकत असता तर तो सूर्याच्या वेळीही झुकला असता. रात्रीच्या गारव्याचा मुद्दा काढून टाकण्यासाठी आम्ही दिवसा, उन्हात, कृष्ण पक्षातला सकाळचा चंद्रही घेतला, आणि तोही तितकाच खाली होता. म्हणजे लोखंडाची सुटका झाली. राहिले ते आमचे गणित.

त्या दुपारी मी फक्त चंद्राच्या नोंदी घेऊन कोज्येचा सहगुणक काढला आणि वहीत लिहिला: ५६ कला. लिहिल्यावर हात थांबला, कारण हा आकडा माझ्या ओळखीचा होता. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. त्यांचे गुणोत्तर साठास एक, आणि ते कोनात मांडले की ५७ कला. हे चंद्राचे लंबन आहे. आमच्या गणितात चंद्राचे स्थान घेतले होते ते पृथ्वीच्या मध्यातून दिसणारे, जसे ते कोष्टकांत दिलेले असते. आम्ही मात्र पृष्ठभागावर, सोलापुरात, मध्यापासून एक त्रिज्या वर उभे आहोत, आणि येथून पाहणाऱ्याला जवळचा चंद्र दूरच्या ताऱ्यांच्या मानाने खाली सरकलेला दिसतो. डोक्यावर असेल तर मुळीच नाही, क्षितिजावर असेल तर पूर्ण ५७ कला, आणि मध्ये उन्नतांशाच्या कोज्येप्रमाणे. सूर्य चंद्राच्या जवळजवळ चारशेपट दूर असल्याने त्याचे लंबन नऊ विकलांहूनही कमी भरते, म्हणून सूर्याने आम्हाला कधी काही सांगितले नाही.

सूर्यग्रहणाच्या गणितात लंबन आणि नति (या सरकण्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण भाग) या संज्ञा आपल्या सिद्धान्तग्रंथांत शतकानुशतके आहेत. ग्रहण एका गावाहून दिसते आणि दुसऱ्या गावाहून दिसत नाही ते याच कारणाने. मी हे दरवर्षी वर्गात शिकवते. तरीही गच्चीवर ते मला सुचले नाही, कारण कोज्येचा नमुना दिसताक्षणी गुरुत्वाने झुकण्याचे नाव आमच्या तोंडी आले आणि त्यानंतर आम्ही त्या नावाला पुरावे शोधत राहिलो. घड्याळाच्या वेळीही तेच झाले होते: ४० सेकंदांची चूक खांबाच्या कलण्याचा वेष घेऊन आली होती. गणितातली चूक आणि यंत्रातली चूक आलेखावर एकसारखी दिसू शकते, आणि न्यूनतम वर्गांची पद्धत त्या दोहोंत भेद करत नाही. तिला दिलेल्या सात खणांपैकी ज्यात मावेल त्यात ती ती चूक भरते. आमचे नशीब असे की लंबन कोणत्याही लोखंडी हाताला न पेलवणारे मोठे होते. ते पाच-सहा कलांचे असते तर आम्ही ते गुरुत्वाच्या खणात टाकून निश्चिंत झालो असतो.

अक्षांश १७.६६, रेखांश ७५.९१ आणि चंद्राचे त्या-त्या वेळचे अंतर गणितात घातल्यावर अठराच्या अठरा नोंदी जागेवर आल्या. चंद्राचे अंतर बदलते तसे लंबनही सुमारे ५४ ते ६१ कलांत बदलते, हेही आमच्या जुन्या नोंदींत मागाहून दिसले: चंद्र पृथ्वीजवळ असलेल्या रात्रींचा सहगुणक दूरच्या रात्रींपेक्षा मोठा आला होता.

तरीही माझ्या मनात एक इच्छा उरली होती की गणिताची परीक्षा यंत्राला बाजूला ठेवून एकदा व्हावी. ती संधी मार्चमध्ये येते. भूस्थिर उपग्रह सोलापुरातून पाहिले तर क्रांती उणे ३ अंशांच्या जवळ दिसतात, आणि सूर्य त्या क्रांतीवर येतो तो १२-१३ मार्चच्या सुमारास. त्या दिवसांत सूर्य एकामागून एक उपग्रहांच्या पाठीमागून जातो आणि केबलवाल्यांच्या परिचयाचा सन आउटेज होतो. सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा संदेश बुडून चित्र काही मिनिटे तुटते. केबलवाल्यांना नकोसा असणारा हा काळ आमच्यासाठी मोलाचा होता, कारण त्या काही मिनिटांत दोन वेगळे स्रोत, दोन वेगळ्या गणितांनी काढलेले, आकाशाच्या एकाच बिंदूवर असतात. तेथे दोघांच्या नोंदींतला फरक हा केवळ गणिताचा फरक असतो.

९३.५ अंश पूर्व हे फ्री डिशच्या उपग्रहाचे स्थान. सोलापुरातून त्याचा दिगंश १३३.७ अंश आणि उन्नतांश ६१.१ अंश येतो, आणि सूर्य तेथे पोहोचतो सकाळी सव्वाअकराला. ८३ अंशांच्या उपग्रहापाशी तो बारा वाजून काही मिनिटांनी येतो, आणि ५५ अंशांच्या उपग्रहापाशी, पश्चिमेकडे, सव्वादोनच्या सुमारास. आम्ही १२ आणि १३ मार्च असे दोन्ही दिवस, तिन्ही ठिकाणी, सूर्य पोहोचण्याच्या वीस मिनिटे आधी उपग्रहाची फेरी घेतली, सूर्य त्या जागी आल्यावर आपल्या १०.८ गिगाहर्ट्झला सूर्याची, आणि सूर्य निघून गेल्यावर पुन्हा उपग्रहाची. उपग्रह स्वतःच्या जागेभोवती थोडे हलत असतात, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत, तेव्हा त्याहून बारीक उत्तराची अपेक्षा नव्हती. सहाही वेळा सूर्य आणि उपग्रह यांच्यातला मोजलेला फरक गणिताच्या फरकाशी ५ कलांच्या आत जुळला. दुसऱ्या दिवशी काका मुद्दाम सव्वाअकराला गच्चीवर आले होते. त्यांच्या सिग्नल मीटरवरचा आकडा कोसळताना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता; त्याच क्षणी आमच्या पडद्यावरची रेघ दहापट उंच उठताना त्यांनी शांतपणे पाहिली आणि पुढच्या वेळची तारीख आणि मिनिट लिहून मागितले. ऑक्टोबरच्या आरंभीची वेळ आम्ही त्यांना काढून दिली.

फाल्गुन शुद्ध अष्टमीला रात्री साडेदहा वाजता चंद्र पश्चिमेकडे उतरला होता आणि त्याचा उन्नतांश चाळीस अंशांच्या थोडा वर होता. घड्याळ जुळवले, डिश पूर्वेकडून आणि खालून आणली, आणि फेरी न घेता थेट गणिताच्या जागी थांबवली. मग तपासणीसाठी फेरी घेतली. शिखर दिगंशात २ कला आणि उन्नतांशात ३ कला बाजूला होते. वेल्डरने जोडलेला तिरपा आधार आम्ही काढला नाही. त्यामुळे हाताचे झुकणे २ मिलिमीटरवरून १ मिलिमीटरच्या आत आले, आणि गुरुत्वाचा सहगुणक नव्या सूर्यनोंदींवरून पुन्हा काढावा लागला. तो २ कला आला, आणि तोच आकडा वहीच्या पहिल्या पानावर, चंद्राच्या पहिल्या खऱ्या मोजमापाच्या वर, लिहिलेला आहे.